मदत हवी आहे: दुर्लक्षित स्लायडर कासव घरी आणलंय, डोळे सुजून बंद झालेत, काहीच खात नाहीये

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय त्यामुळे इकडचं तिकडे होईल, सांभाळून घ्या. कोणी पाण्यातली कासवं पाळली असतील किंवा आजारी कासव सांभाळलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

ओळखीतल्या एका घरी रेड इअर्ड स्लायडर होतं, डोळ्यांमागे लाल पट्टा असतो ते. घर बदलताना त्यांना ते न्यायचं नव्हतं म्हणून मी घेऊन आले. कवच साधारण ११ सेंमी आहे. इतकी वर्षं ते एका छोट्या प्लॅस्टिकच्या टबात, खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं, ना हीटर ना फिल्टर ना दिवा, वर चढून अंग सुकवायला साधा दगडसुद्धा नाही, म्हणजे चोवीस तास पाण्यातच आणि ते पाणी इतकं घाण की टबाचा तळ दिसत नव्हता. खायला फक्त डब्यातली सुकी कोळंबी. त्या लोकांनी मुद्दाम छळ केला असं मी म्हणणार नाही, त्यांना विकतानाच कोणीतरी सांगितलं होतं की भांडं लहान ठेवलं की कासव लहानच राहतं, आणि त्यांना ते खरं वाटलं.

आत्ताची अवस्था अशी आहे की दोन्ही डोळे सुजून पूर्ण मिटलेत, पापण्या फुग्यासारख्या झाल्यात. पोटाकडचं कवच बोटाने हलकं दाबलं तर आत जातं. पाठीवर एकदोन ठिकाणी पांढरट ठिपके आहेत आणि काही खवले अर्धवट सुटल्यासारखे दिसतायत. उचललं की पाय मारत नाही, नुसतं लोंबकळतं. आणल्यापासून खाल्लेलं नाही, तोंडासमोर खाणं धरलं तरी कळतच नाही त्याला.

सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीये. तोपर्यंत मी काय करू आणि मुख्य म्हणजे काय करू नको? बळजबरीने तोंड उघडून भरवायचं का? डोळ्यांत घरात असलेले माणसांचे ड्रॉप्स चालतील का? ते सुटलेले खवले काढून टाकायचे का? आणि घरचे म्हणतायत की एवढा त्रास कशाला, तळ्यात सोडून दे, निसर्गात आपोआप बरं होईल. मला ते पटत नाहीये पण नेमकं का नाही ते सांगता येत नाहीये. घरात लहान मूल पण आहे, त्याची काय काळजी घेऊ?

प्रतिसाद

ताई, आधी एक गोष्ट, खाण्याची घाई करू नका. आपण उपाशी जीव बघितला की पहिला हात खाण्याकडे जातो, पण कासवाचं तसं नाही. त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, बाहेरून मिळेल तेवढ्याच ऊबेवर त्याचं पचन, रोगप्रतिकार सगळं चालतं. थंड कासवाच्या पोटात अन्न गेलं तर ते पचत नाही, आत सडतं. त्यामुळे क्रम असा लावा की आधी ऊब, मग स्वच्छ पाणी, मग डॉक्टर, आणि खाणं त्यानंतर.

आज रात्रीच करण्यासारखं म्हणजे एक पसरट मोठा टब घ्या, पाणी फक्त खांद्यापर्यंत येईल एवढंच ठेवा, म्हणजे पाय न मारता त्याला मान वर काढून श्वास घेता येईल. अशक्त कासव खोल पाण्यात बुडू शकतं, पाण्यातला प्राणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आजारी स्लायडरला पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस हवं. एका बाजूला उतार असलेला सपाट दगड किंवा वीट ठेवा, जी पूर्ण कोरडी राहील, आणि तिच्यावर साधा पिवळा, तापणारा बल्ब असा लावा की दगडावर ३२ ते ३४ अंश होईल. अंदाजाने नको, थर्मामीटर ठेवा, एक पाण्यात एक दगडावर. हाताला कोमट लागतंय म्हणजे बरोबर असेल असं समजू नका, मी भल्याभल्या लोकांना यात फसलेलं बघितलंय. पाण्यातला हीटर लावलात तर त्याला जाळीचं कव्हर हवंच, नाहीतर कासव त्याला चिकटून बसतं आणि भाजतं. नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीन जाऊ द्या आणि तापमान जुळवून मगच घाला.

आता डोळे. फक्त सुकी कोळंबी खाणाऱ्या स्लायडरमध्ये हे खूप बघायला मिळतं, बहुतेक वेळा व्हिटॅमिन ए ची कमतरता आणि त्यात घाण पाण्याने झालेलं इन्फेक्शन. ही कासवं डोळ्यांनी बघून खातात, दिसलंच नाही तर समोर ठेवून काय उपयोग, त्यामुळे ते हट्टाने खात नाहीये असं समजू नका. माणसांचे ड्रॉप्स अजिबात घालू नका, त्यातल्या काही ड्रॉप्समध्ये स्टेरॉईड असतं. निर्जंतुक सलाईनने हलकं धुवा, बस. आणि व्हिटॅमिन ए आपल्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. डोस डॉक्टरच ठरवतील.

बळजबरीने तोंड तर उघडूच नका. हाडं मऊ झाली असतील तर जबडाही मऊ असतो, मोडू शकतो. शिवाय स्लायडरला पाण्याबाहेर नीट गिळता येत नाही. खवले ओढू नका, खवल्यांच्या खाली जिवंत हाड आहे, नसा आहेत, त्याला दुखतं. तेल, व्हॅसलिन काही लावू नका.

एक अगदी महत्त्वाचं. कोणी जंतांसाठी आयव्हरमेक्टिन सुचवलं, भले कोणत्याही प्राण्याच्या डॉक्टरांनी, तर साफ नाही म्हणा. कुत्र्यांना, गुरांना चालतं पण कासवांना ते जीवघेणं आहे.

तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, नाकातून बुडबुडे येतायत किंवा पाण्यात एका अंगावर कलून तरंगतंय असं काही दिसलं तर परवाची वाट बघू नका, न्यूमोनिया असू शकतो, लगेच फोन करा.

प्रतिसाद

कवच मऊ का झालं त्याबद्दल थोडं लिहितो कारण वर ते राहिलंय. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं, पण ११ सेंमीच्या कासवाचं कडकच असायला हवं. अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला व्हिटॅमिन डी३ लागतं आणि ते कातडीत बनतं उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे. अंधाऱ्या कोपऱ्यात हे किरण शून्य. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्याच हाडांतून ते काढत राहतं, आणि कासवाचं कवच म्हणजे हाडच. म्हणून नुसतं कॅल्शियम पाण्यात टाकून भागत नाही.

साध्या बल्बातून ऊब मिळते, यूव्हीबी नाही. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची वेगळी ट्यूब येते, ती लावा, रोज १० ते १२ तास, आणि मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नका, काच यूव्हीबी अडवते. खिडकीतल्या काचेआडच्या उन्हाचाही याच कारणाने उपयोग नाही. ट्यूब पेटत राहिली तरी तिच्यातलं यूव्हीबी संपत जातं, त्यामुळे ६ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते. कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवलं तर उत्तमच, पण अर्धी सावली हवी आणि आपण तिथेच बसून राहायचं. काचेच्या टाकीत घालून उन्हात ठेवलं तर आत भट्टी होते.

तळ्यात सोडण्याबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते शंभर टक्के बरोबर आहे. आंधळं, मऊ कवचाचं कासव बाहेर जगणारच नाही. आणि समजा जगलं तरी ते तिथलं नव्हे, हा प्राणी मूळचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. लोकांनी कंटाळून सोडून सोडून जगभरच्या तळ्यांत तो पसरलाय, तिथल्या कासवांची उन्हाची जागा आणि अन्न बळकावतो. जगातल्या सर्वात घातक १०० आक्रमक प्रजातींच्या, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत त्याचं नाव आहे, युरोपियन युनियनने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. घरच्यांना हे सांगा.

मुलाबद्दल: कासव निरोगी दिसत असलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो. अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ मध्ये बंदी आली ती याचसाठी, मुलं ती तोंडात घालायची. हात लावला की साबणाने हात धुवा, टबाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच ओतू नका, टब धुवायचा ब्रश वेगळा. एवढं पाळलं की घाबरायचं कारण नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, तुम्ही लिहिलं नसतं तर मी चिमट्याने भरवायला बसणार होते.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्सरेत हाडं विरळ दिसली, पण मोडलेलं काही नाही. व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन दिलं, डोळ्यांसाठी मलम, कॅल्शियमही सुरू केलंय, पांढऱ्या ठिपक्यांना पातळ औषधाने पुसायचंय. मादी आहे म्हणाले, म्हणजे नीट वाढली तर २५-३० सेंमीची होईल आणि २०-३० वर्षं सहज जगेल. ते ऐकून घरात थोडी शांतता पसरली, पण मी ठेवणार आहे तिला. दगडावर आता स्वतःहून चढते, मागचे पाय लांब पसरून बसते, उजवा डोळा किंचित उघडलाय. खाणं मात्र अजून शून्य. किती वाट बघायची? आणि खायला लागली की काय द्यायचं, पुन्हा कोळंबी तर नक्कीच नाही ना?

प्रतिसाद

पाय पसरून ऊन खातेय ही फार चांगली खूण आहे ताई, वाचून बरं वाटलं.

डोळा पूर्ण उघडेपर्यंत बहुतेक खाणार नाही, तेवढं ती काढू शकते. तुम्ही पोटाकडे बघू नका, वजनकाट्याकडे बघा. ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, ठरावीक वेळी अंग कोरडं करून वजन करा आणि लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर थांबा, सलग घसरत असेल तर डॉक्टरांना कळवा, नळीने भरवायचं काम त्यांचंच.

खायला लागली की एकदम भरपूर देऊ नका, फार दिवसांच्या उपासानंतर ते अंगावर येतं. कासवांचे चांगले पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) भिजवून दोनचार, पाण्यातच टाका. नंतर हळूहळू गडद हिरवा पाला, किसलेलं गाजर, कधीतरी गांडूळ. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. सुकी कोळंबी कधीतरी दिली तर मरत नाही, पण कासवांना तिची चटक लागलेली असते आणि ती दिसली की बाकी काही खात नाहीत, म्हणून सुरुवातीचे काही महिने घरात डबाच ठेवू नका.

टाकीचं आत्तापासून बघायला लागा. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी असा हिशोब धरतात, आणि फिल्टर टाकीच्या मापाच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, कासवं माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतात. वजनाचे आकडे इथेच टाकत राहा, मी धागा बघत असतो.