टीव्ही-मोबाईलच्या आत काय आहे, हे भंगारात गेल्यावरही कळायला नको का?

सोल्डर (धागाकर्ता):
युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेरी गाड्यांच्या आणि ई-सायकलींच्या बॅटऱ्यांवर क्यूआर कोड सक्तीचा होतोय. तो स्कॅन केला की बॅटरीचा 'पासपोर्ट' उघडेल. आत कोणतं रसायन आहे ते कोणालाही दिसेल, आणि ती सुटी कशी करायची ते दुरुस्ती-पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना.

माझं म्हणणं, आपल्याकडे टीव्ही, मोबाईल, खेळणी, सगळ्यांनाच असा कोड हवा. मी सहा वर्षं ई-कचरा सुटा करण्याच्या कामात आहे. पातळ टीव्ही बाहेरून सारखेच दिसतात, पण जुन्यांच्या पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात, नव्यांत एलईडी. खोलल्यावर कळतं, तोवर नळी फुटलेली असते. काळ्या प्लॅस्टिकचंही तेच. काहींत आग रोखणारं ब्रोमीनयुक्त रसायन असतं, ते वेगळं काढायलाच हवं. पण काळ्या रंगातला कार्बन इन्फ्रारेड किरण शोषून घेतो, त्यामुळे यंत्राला प्लॅस्टिक ओळखता येत नाही. आणि गाणाऱ्या खेळण्यात लपलेली लिथियम बॅटरी श्रेडरमध्ये, म्हणजे मालाचे तुकडे करणाऱ्या यंत्रात, गेली तर थेट आग.

कुर्लाकर:
काम तुम्ही करता, म्हणून आदराने सांगतो, कोड वाचणार कोण? माझ्या मामांचं भंगाराचं दुकान आहे. फेरीवाला माल आणतो, काट्यावर वजन होतं आणि संध्याकाळपर्यंत तांबं एका गोणीत, सर्किट बोर्ड दुसऱ्या गोणीत, प्लॅस्टिक तिसऱ्या. मागच्या झाकणावरचा कोड प्लॅस्टिकबरोबर गेला, बोर्ड गेला भलतीकडेच.

खरी गोम पैशात आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत रीसायकलरला कंपन्यांना विकता येणारं प्रमाणपत्र मिळतं ते सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंवर. पाऱ्याची नळी शाबूत काढली, याचं त्यात वेगळं मोल नाही. मग स्कॅन करण्यात वेळ कोण घालवेल?

रानजाई:
कोड मॉडेलचा की प्रत्येक नगाचा? मॉडेलचा असेल तर माझा पाठिंबा. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक दिला की तो विकत घेणाऱ्याच्या नावाशी जोडला जाणारच. आमच्या घरी तीन जुने फोन कपाटात पडून आहेत. आतल्या फोटोंचं काय होईल या धास्तीने आई ते कोणालाच देत नाही. त्यात नगावर क्रमांक आला की आणखी घाबरेल.

सोल्डर:
रानजाई, पूर्ण सहमत. पाऱ्याची नळी, बॅटरीची जागा, प्लॅस्टिकचा प्रकार, हे मॉडेलवरूनच कळतं.

कुर्लाकर, झाकणाचा मुद्दा बिनतोड. म्हणून कोड झाकणावर आणि बोर्डावर दोन्हीकडे हवा, आणि कोरलेला; स्टिकर नको. पण वाचायला वेळ नाही, हे पटत नाही. बोर्डात किती सोनं-तांबं आहे ते कोडवर दिसलं, तर मामांना पुढच्या व्यापाऱ्याशी भाव करता येईल. आज तो सांगेल तो भाव.

कुर्लाकर:
भाव दिसला तर मामा पहिल्या दिवसापासून स्कॅन करतील. पण कंपन्या तो आकडा देतील असं तुम्हाला खरंच वाटतं? पाऱ्याच्या नळीला भाव नाही, ही अडचण तरीही उरतेच.

वाइंडिंगवाला:
दुरुस्ती करणारा म्हणून विचारतो. ग्राहकाच्या टीव्हीचं पॅनेल किंवा इन्व्हर्टरची बॅटरी मी बदलली, की कोड खोटा पडला. आमच्याकडे तर दोन बंद सेट जोडून एक चालू करतात.

सोल्डर:
बॅटरीपुरतं युरोपने उत्तर दिलंय. जुन्या बॅटरीत नव्या कामासाठी फेरफार केला, की नवा पासपोर्ट काढायची जबाबदारी ती नव्याने बाजारात आणणाऱ्यावर. आपल्या गल्लीतल्या दुकानदारावर हे लादू नये, असं माझं ठाम मत. पॅनेलचा कोड पॅनेलवर, बॅटरीचा बॅटरीवर. सुटा भाग कुठेही गेला तरी आपली ओळख सोबत नेईल.

वाइंडिंगवाला:
हे चालेल. मग जुना भाग विकत घेतानाही त्यात काय आहे ते मला कळेल.

कुर्लाकर:
मला हेही चालेल, पण आधी नळीला दर ठरवा. मामांच्या दुकानातली पोरं त्या नळ्या उघड्या हातांनी ओढतात.