नाशिक: जुन्या बाप्तिस्म्याची नोंद कशी शोधावी?

प्रश्न: आजोबांचा बाप्तिस्मा १९५५ च्या सुमारास नाशिकला झाला. नोंद कुठे मिळेल? धर्ममाता-धर्मपिता (बाप्तिस्म्यात मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे) कोण, हे त्यातून कळेल का?

गोदाकाठ: कॅथलिक असतील तर ज्या चर्चमध्ये संस्कार झाला, तिथलंच रजिस्टर. नाशिक धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला विभाग) १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, म्हणून लोक उगाच पुण्याला जातात. मूळ नोंद धर्मग्रामातच, म्हणजे स्थानिक चर्चमध्येच होते. त्यात आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, तारीख, धर्मगुरू, सगळं असतं. समास, म्हणजे पानाच्या कडेची जागा, जरूर वाचा. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न तिथेच टिपतात, त्यावरून पुढचं घराणं सापडतं.

जुनी वही: शरणपूरकडचे प्रोटेस्टंट असतील तर पाळकसाहेबांना भेटा. उत्तर भारत चर्च (अनेक प्रोटेस्टंट पंथांचं एकत्रित चर्च, सीएनआय) १९७० मध्ये झालं, त्याआधीची वही जुन्या मिशनच्या नावाने मागा. जन्मतारखेवर अडून राहू नका, बाप्तिस्मा महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतो. पुढची दोन-तीन वर्षं ओळीने चाळा. रोमन लिपीत आडनाव वेगळं लिहिलेलं असू शकतं, म्हणून वडिलांच्या नावावरून शोधा.

गोदाकाठ: आणि धर्मपिता म्हणजे मामा-काकाच, असं धरू नका. भावंडांच्या नोंदी शेजारी ठेवून ताडा.