स्पेसवाल्या मिनिएचर गेमचे रूल्स खडकीच्या लढाईला बसवायचेत, कसं जमवावं?

कोथरूड_डाइस: नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा ग्रुप रविवारी वॉरहॅमर ४०के (छोट्या फिगर्स मांडून टेबलावर खेळायचा अंतराळयुद्धाचा गेम) खेळतो. आता त्याच रूल्सवर खडकीची लढाई (५ नोव्हेंबर १८१७, पेशवे विरुद्ध इंग्रज) लावायची आहे, आपल्याच गावातली आहे म्हणून जास्त इच्छा. लेझर रायफलच्या जागी मस्केट घेतली, रेंज २४ इंचाची १२ केली, चिलखताचा सेव्ह (गोळी लागूनही वाचायचा फासा) काढला आणि जंप पॅकवाल्यांचे (पाठीवरच्या यंत्राने लांब उड्या मारणाऱ्यांचे) आकडे घोडदळाला दिले. पण खेळून बघितलं तर तिसऱ्या टर्नपर्यंत दोन्ही बाजू साफ, टेबलावर चार-पाच फिगर्स उरतात आणि लढाई लढाई वाटतच नाही. कुठे काय बदलू?

कसब्यातला_तोफखाना: बंदुकीचे आकडे कितीही बदललेत तरी हे असंच होणार. स्पेसवाल्या गेममध्ये युनिट शेवटच्या माणसापर्यंत लढतं, तेव्हाच्या फौजा तशा संपत नसत, त्या कच खायच्या. खडकीचेच आकडे घ्या ना, इंग्रजांकडे तीनेक हजार माणसं आणि त्यांचे ठार-जखमी मिळून ८६, पेशव्यांकडे पंचवीस हजारांच्या आसपास फौज आणि नुकसान सुमारे ५००. म्हणजे फिगर्स उचलणं हा खेळाचा मुख्य भाग असूच शकत नाही.
बोल्ट ॲक्शन (दुसऱ्या महायुद्धावरचा मिनिएचर गेम, २०१२) मधला पिन मार्कर उचला. गोळीबार लागला की युनिटवर एक मार्कर, प्रत्येक मार्करमागे मोराल (हिमतीचा आकडा) एकने कमी, आणि मार्कर असताना हुकूम द्यायचा तर आधी फासा टाकून पास व्हायचं. सरदार जवळ असला तर मार्कर काढता यावेत आणि तो पडला तर आसपासच्या सगळ्यांनी टेस्ट द्यायची. त्या दिवशी पेशव्यांकडचे मोर दीक्षित पडले, त्याचा परिणाम टेबलावर दिसलाच पाहिजे.

औंधकर_७२: वरच्यांशी सहमत, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट फॉर्मेशनची आहे. स्पेसमध्ये शिपाई चहूकडे बघतो नि चहूकडे मारतो, पलटण फक्त समोर मारते, त्यामुळे बाजूने किंवा मागून हल्ला झाला की मार्कर दुप्पट करा. मस्केट शंभर यार्डांपलीकडे फारशी लागत नाही, म्हणून १२ इंच रेंज ठेवली तरी अर्ध्याच्या पुढे नेम पार घसरला पाहिजे आणि पहिल्या बारला बोनस हवा.
आणि दलदल विसरू नका प्लीज! कंपनीची एक देशी पलटण शत्रूच्या मागे धावत रांग सोडून पुढे गेली, ते बघून पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी घोडदळ सोडलं, आणि मधली दलदल दोन्हीकडच्यांना माहीत नव्हती, भर दौडीतले घोडे त्यात अडकले नि तेवढ्यात समोरून गोळ्यांचा मारा झाला. ती आधी मांडूनच ठेवलीत तर तिथे कोण जाईल? तिसऱ्या कोणालातरी नकाशावर गुपचूप आखायला सांगा, घोडदळ आत शिरलं की मगच उघड करायची, चार्जचा बोनस गेला आणि वर दोन मार्कर.

मावळखोरे: मला वाटतं तुम्ही लढाईच चुकीची निवडली आहे. ४०के मध्ये टेबलाबाहेरून युनिट आणायचा जो रूल आहे तो उंबरखिंडीला (फेब्रुवारी १६६१) जसाच्या तसा बसतो. मुघल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत लांबच लांब पसरलेली, दोन्ही बाजूंना झाडी, मावळे कुठूनही उतरणार. सुटी सुटी माणसं, रांगबिंग काही नाही, अशा ठिकाणी स्पेसचे रूल्स फार मोडावे लागत नाहीत.

कोथरूड_डाइस: उंबरखिंड पुढे नक्की करू, पण खडकी सोडवत नाही. मार्कर, समोरचीच मारा-दिशा आणि गुपचूप दलदल, हे तिन्ही या रविवारी लावतो. एकच शंका, पेशव्यांच्या चौदा तोफा टेबलावर किती मॉडेल ठेवू?

कसब्यातला_तोफखाना: दोन पुरेत. आणि एकदा मांडल्या की हलवू देऊ नका.