ऑनलाइन एफएनपी: अमळनेरला बसून होईल का? आणि टेक्सासातल्या बहिणीने सुरुवात कुठून करावी?

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यात स्टाफ नर्स आहे, जीएनएम झालेली. धाकटी बहीण धुळ्याला बीएस्सी नर्सिंग करून, एनसीएलईएक्स (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) पास होऊन ग्रीन कार्डावर अमेरिकेत, टेक्सासात गेली. तिथे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, बारा तासांच्या तीन शिफ्ट. तिला नोकरी न सोडता फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची (एफएनपी, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषधं लिहिणारी नर्स) मास्टर्स ऑनलाइन करायची आहे. अर्जाला काय काय लागतं, धुळ्याचे मार्क तिकडे कसे धरतात आणि नोकरीबरोबर हे झेपतं का, एवढं तिच्यासाठी विचारायचं आहे.

दुसरं माझं. एका एजंटचं म्हणणं की कोर्स पूर्ण ऑनलाइन असतो, तुम्हीही घरबसल्या करा, पुढे व्हिसापण होईल, सीट धरायला दीड लाख भरा. खरं काय?

तापीपल्याड

ताई, आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण तिथे पैसे अडकायचेत. दीड लाख भरू नका.

यात ऑनलाइन असतात ती लेक्चरं, असाइनमेंट आणि परीक्षा. पेशंट तपासायचे तास प्रत्यक्ष दवाखान्यात उभं राहूनच भरावे लागतात. अमेरिकेतल्या 2022 च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे एनपीच्या (नर्स प्रॅक्टिशनर) कोर्सला किमान 750 तास थेट पेशंटसोबतचे हवेत, आणि ते तिथल्या ज्या राज्यात भरायचे तिथे चालणारं, कुठलीही कारवाई नसलेलं आरएन लायसन्स हातात हवं. तुमच्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, ते तिकडे चालत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी प्रवेशालाच बीएस्सी नर्सिंगच्या तोडीची पदवी मागतात. जीएनएम ही पदविका झाली.

व्हिसाची गोष्ट तर उघड थाप आहे. विद्यार्थी म्हणून एफ-1 व्हिसा मिळतो तो प्रत्यक्ष वर्गात जाऊन शिकायला. पूर्णवेळ अभ्यासक्रम मोजताना एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय धरतात. कोर्सच सगळा ऑनलाइन असेल, तर त्यावर एफ-1 द्यायला कारणच उरत नाही.

आणि अशी पदवी कुठून मिळालीच, तरी इथे उपयोग काय? दूरस्थ पद्धतीची एमएस्सी नर्सिंग इंडियन नर्सिंग कौन्सिल मानत नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा पीएचसीत एफएनपी नावाचं पदही नाही.

भुसावळ_फलाट

बहिणीबद्दल लिहितो.

कॉलेज निवडताना युनिव्हर्सिटीच्या नावावर जाऊ नका. त्या एफएनपी कोर्सला सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए (नर्सिंग कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्था) यांपैकी एकीची मान्यता आहे का ते पाहा, नाहीतर पुढे सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही. मग दुसरं, ती राहते त्या टेक्सासात हा कोर्स चालतो का. ऑनलाइन कॉलेज दुसऱ्या राज्यातलं असलं की प्रत्येकाची 'या राज्यांतले विद्यार्थी घेतो, यांतले नाही' अशी यादी असते. मधेच ती दुसऱ्या राज्यात राहायला गेली तर ही अडचण नव्याने उभी राहते. तिसरा प्रश्न सगळ्यात महागाचा: प्रिसेप्टर कोण शोधणार, कॉलेज की विद्यार्थी? जिच्या हाताखाली पेशंट तपासायचे ती एनपी किंवा डॉक्टर म्हणजे प्रिसेप्टर. 'आम्ही मदत करतो' याचा अर्थ बहुतेकदा एक जुनी यादी ईमेल करतो एवढाच निघतो. उत्तर लेखी मागा.

मार्कांचं म्हणाल, तर कॉलेजं साधारण 3.0 जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) मागतात आणि आपली पोरं 60 टक्क्यांना 25 ने भागून 2.4 लिहून मोकळी होतात, किंवा घाबरून अर्जच करत नाहीत. तसं मोजत नाहीत. आपल्याकडे 60 म्हणजे फर्स्ट क्लास, आणि मूल्यांकन संस्था (परदेशातले मार्क अमेरिकेच्या ग्रेडमध्ये बसवून देणारी) ते लक्षात घेऊन ग्रेड बसवते. कोर्स-बाय-कोर्स रिपोर्ट लागतो, त्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड येतात. लायसन्सच्या वेळी तिने सीजीएफएनएस या परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासणाऱ्या संस्थेकडून रिपोर्ट काढला असेल तर फाईल तिथेच आहे (2025 पासून त्या संस्थेचं नाव ट्रूमेरिट). तोच रिपोर्ट चालेल का की जीपीएवाला वेगळा हवा, ते कॉलेजला विचारून मगच फी भरा. नवा लागलाच तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट संस्थेकडे जावं लागतं. घरी आलेलं पाकीट फोडून स्कॅन करून पाठवलं तर ते धरत नाहीत.

इथे आपल्याकडचा एक हमखास घोळ होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. तिकडच्या माणसाला या तीन वेगळ्या बाया वाटतात आणि फाईल थांबते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत केली असेल तर ती, दोन्ही पहिल्याच दिवशी जोडा. मागतील तेव्हा देऊ म्हणाल तर महिना जातो.

शिफारसपत्रं दोन-तीन लागतात. एक तिच्या नर्स मॅनेजरचं असावं. धुळ्याच्या मॅडमचं घ्यायचं तर त्यांना कॉलेजचा अधिकृत ईमेल वापरायला सांगा, कारण साध्या जीमेलवरून आलेलं पत्र बऱ्याच ठिकाणी अडवतात. निवेदनात 'लहानपणापासून सेवेची आवड' लिहून पान वाया घालवू नका. एफएनपी म्हणजे ओपीडीतलं काम: शुगर, बीपी, दमा, लेकरांचे डोस, गरोदर बाई, म्हातारी माणसं, आणि तेच पेशंट वर्षानुवर्षं. वॉर्ड सोडून तिला हे का करायचंय, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात: ग्रीन कार्ड असल्याने फेडरल मदतीचा एफएएफएसए फॉर्म ती भरू शकते. मात्र 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणाचं फेडरल) कर्ज बंद आहे, म्हणून कर्जाची मर्यादा आधी पाहून घ्या. हॉस्पिटल फी भरून देत असेल तर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत त्यावर कर लागत नाही. बदल्यात किती वर्षं तिथेच काम करायचं, ते करारात वाचा.

बोरीकाठ

खूप आभार दोघांचे. एजंटला नाही म्हणून कळवलं. नोकरी सांभाळून 750 तास कसे बसवायचे, यावर कोणी लिहील का? ती म्हणते वॉर्डातल्या शिफ्टच मोजून घेऊ.

सातपुडा_ओपीडी

वॉर्डातली शिफ्ट मोजत नाहीत. ती आरएनची ड्यूटी झाली. एनपीचे तास वेगळ्या भूमिकेत आणि प्रायमरी केअरच्या, म्हणजे ओपीडीसारख्या दवाखान्यातच भरायचे. जेवणाची सुट्टी, प्रवास आणि सिम्युलेशन लॅब यांतलं काहीही या 750 मध्ये धरत नाहीत.

हिशेब असा. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस म्हणजे 16 तास, पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरला 240, तीन सेमिस्टरला 720. शिल्लक 30 तास, आणि डॉक्टर सुट्टीवर गेले की त्यात भर. म्हणजे 36 तासांची नोकरी, 16 तास दवाखाना आणि वर अभ्यास. पहिलं वर्ष पूर्ण नोकरीवर निघतं. क्लिनिकल सुरू झाल्यावर शिफ्ट शनिवार-रविवारकडे सरकवावी किंवा नोकरीचे तास कमी करावे. दवाखाने सोमवार ते शुक्रवार चालतात, मोकळे दिवस तेच हवेत. रात्रपाळी संपवून थेट दवाखान्यात जाणं हा बेत कागदावरच बरा, तिथे तिला औषधाचा डोस ठरवायचा असतो.

प्रिसेप्टर सहा ते नऊ महिने आधी शोधायला लागा. मुलांचे आणि स्त्रीरोगाचे सगळ्यात दुर्मिळ, म्हणून ते पहिले पक्के करा. प्रौढांचे दवाखाने नंतरही मिळतात. प्रिसेप्टरने तोंडी हो म्हटलं की झालं असं नाही. दवाखाना आणि कॉलेज यांचा करार व्हावा लागतो आणि तो दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलावर पडून राहतो. सेमिस्टर सुरू झालं आणि करार नाही, तर तो विषय पुढच्या सेमिस्टरला जातो.

दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी लसींचे पुरावे, बीएलएस (जीव वाचवायच्या मूलभूत उपायांचं) सर्टिफिकेट, पार्श्वभूमी तपासणी आणि टीबीची चाचणी लागते. यात आपल्या माणसाने एक सांभाळावं. लहानपणी बीसीजी घेतलेली असल्याने हातावरची ट्यूबरक्युलिनची गाठ कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते, मग एक्स-रे, कागद आणि ताटकळणं. पहिल्यापासून आयजीआरए ही रक्ताची चाचणी मागावी, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. कांजिण्या आणि गोवराचे जुने दाखले इथून शोधत बसू नका, रक्तात अँटिबॉडी तपासून घ्या.

अभ्यासात तीन विषय जड: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि शारीरिक तपासणी. पूर्ण नोकरी असताना पहिले दोन एकाच सेमिस्टरला घेऊ नयेत. बहुतेक कॉलेजांत बी च्या खाली ग्रेड आली की विषय परत करावा लागतो.

कोर्स पास झाल्यावर सर्टिफिकेशनसाठी एएनसीसी किंवा एएएनपीसीबी, या दोन संस्थांपैकी एकीचीच परीक्षा पुरते. टेक्सासात मात्र औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. शेजारच्या न्यू मेक्सिकोत तशी अट नाही. नोकरी कुठे करायची ते ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा.

तापीपल्याड

बोरीकाठ ताई, तुमच्यासाठी इथल्या वाटा. आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, नियमित कॉलेजातून, दोन वर्षांची. त्यानंतर आयसीयूकडे ओढा असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे. दोन वर्षांची पूर्णवेळ रेसिडेन्सी, बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. त्यातही बहुतांश वेळ बेडपाशीच जातो, म्हणून तो ऑनलाइन मिळेल असं कोणी म्हणालं तर तोही एजंटच समजा. प्रसूतीचं काम आवडत असेल तर नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ, 18 महिन्यांचा, तो जीएनएमलाही खुला आहे.

एफएनपीच्या सगळ्यात जवळचं काम आपल्याकडे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं. उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी-शुगर तपासणं, ठरलेली औषधं देणं, गरज पडली की वर पाठवणं. धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात तर पेशंटला आधी तेच भेटतात. पदं कंत्राटी आहेत आणि पात्रता जाहिरातीगणिक पाहावी लागते. जाहिरात मूळ पीडीएफमधूनच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत अटींचं पान हमखास गाळलेलं असतं.