मॅग्नेशियम कोणतं घेता? लाइम (गोचीड चावून होणारा आजार) असलेल्यांनी लिहा, नसलेल्यांनीही लिहा

तापीकाठची
काल यावलला मावशीकडे होते. मावसभाऊ वासराच्या कानातले गोचीड उपटून रॉकेलच्या डबीत टाकत होता आणि मी ओट्यावरून उठून थेट घरात. सगळे हसले. हसू देत.

नवऱ्याची नोकरी कनेक्टिकटला होती तेव्हा मागच्या अंगणातला पाला गोळा करताना मला चावला तो खसखशीच्या दाण्याएवढा. दिसलासुद्धा नाही. पुढे मांडीमागे गोल चट्टा, रोज थोडा मोठा होणारा, ताप, मान आखडलेली. लाइम. १९७५ च्या सुमारास हा आजार त्याच राज्यात, लाइम गावाच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आला होता, म्हणजे मी अगदी माहेरघरीच सापडले. डॉक्सीचा (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) कोर्स झाला, डॉक्टर म्हणाले झालं. पण थकवा, गुडघे आणि रात्री पोटरीत येणारे वांब (गोळे) माझ्यासोबत विमानात बसून जळगावला आले.

मॅग्नेशियम घे असं जो तो सांगतो, कोणतं ते कुणी सांगत नाही. मी आधी मॅग्नेशियम ऑक्साइड घेतलं, स्वस्त म्हणून. पोट धावायला लागलं. सायट्रेट त्यापेक्षा बरं, आणि बद्धकोष्ठ असेल तर उलट उपयोगीच. आता रात्री जेवणानंतर ग्लायसिनेट, पोट शांत, वांब कमी. थकव्यात मात्र तसूभर फरक नाही, हेही सांगते.

एक गोष्ट तिथल्या फार्मासिस्टने सांगितलेली: डॉक्सी चालू असेल तर मॅग्नेशियम त्यासोबत घ्यायचं नाही, मध्ये दोन-तीन तास हवेत. पोटात दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि औषध अंगी लागत नाही. लोह, कॅल्शियम, अॅसिडिटीच्या गोळ्या, सगळ्यांचं तेच.

तुमचे अनुभव लिहा.

साक्रीची सून
ऑक्साइड!!! दोंडाईचा ते धुळे, एसटी, खिडकीची जागा. पुढचं विचारू नका.

रावेरचा केळीवाला
ताई, केयं खा केयं. गोया कायले पाह्यजेत?

भुसावळ जंक्शन
आमच्या गोठ्यात तर पिढ्यान्‌पिढ्या गोचीड. आम्हाला कसं नाही झालं लाइम?

तापीकाठची
@भुसावळ जंक्शन दादा, तो गोचीड वेगळ्या जातीचा. हरणांवर, उंदरांवर राहणारा, काळ्या पायांचा. आपल्या गुरांवरचे ते नाहीत. भारतात लाइमच्या नोंदी तुरळकच.

पारोळ्याचा पशुवैद्यक
तरी हाताने चिरडू नका रे कुणी. २०११ साली गुजरातेत काँगो तापाची साथ आली होती, तो गुरांवरच्या गोचिडातून येतो. चिमट्याने कातडीलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचा. माणसाला चिकटला असेल तर रॉकेल, तेल, जळती काडी काही लावायचं नाही.

अमळनेर मेडिकल
दुकानात रोज हाच प्रश्न येतो म्हणून लिहितो. बाटलीवर ५०० लिहिलेलं असतं ते कशाचं वजन आहे ते बघा. पूर्ण क्षाराचं की त्यातल्या निव्वळ मॅग्नेशियमचं? ऑक्साइडमध्ये निव्वळ मॅग्नेशियम ६० टक्क्यांच्या आसपास, पण शरीर त्यातलं फारच थोडं घेतं, उरलेलं आतड्यात पाणी ओढतं. साक्रीच्या वहिनींना कळलंच असेल. सायट्रेटमध्ये साधारण १६ टक्के, ग्लायसिनेटमध्ये १४. म्हणून ग्लायसिनेटची गोळी मोठी असते, गिऱ्हाईक म्हणतं ही घोड्याची आहे का.

अमेरिकेत गोळ्यांतून दिवसाला ३५० मिग्रॅ ही वरची मर्यादा धरतात, जेवणातलं त्यात मोजत नाहीत. आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळीही नको. मी देतच नाही, भांडले तरी.

साक्रीची सून
@अमळनेर मेडिकल कळलं हो भाऊ, चांगलंच कळलं 😭

चोपडा ते पेनसिल्व्हेनिया
मला लाइम होऊन बरीच वर्षं झाली, अजून इथेच आहे. इथल्या ग्रुपात एक बाई छातीठोकपणे सांगते की लाइमचा जंतू अंगातलं मॅग्नेशियम खाऊन टाकतो, म्हणून भरपूर घ्या. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, या जंतूला लोह लागत नाही, त्याऐवजी तो मँगनीज वापरतो, हे खरं आहे; मॅग्नेशियमचं तसं काही सिद्ध नाही. वांब, बद्धकोष्ठ यासाठी घे, लाइमचं औषध म्हणून घेऊ नकोस.

मॅग्नेशियम थ्रिओनेटही आणलं होतं, मेंदूवरचं धुकं जाईल असं लिहिलेलं. धुकं आहे तिथेच, डॉलर गेले. ज्याला गुण आला असेल त्याने सांगा, मी भांडणार नाही.

तापीकाठची, तुझं वाचून रडू आलं गं. इथे कुणाला सांगितलं तर म्हणतात, दिसतेस तर छान.

तापीकाठची
@चोपडा ते पेनसिल्व्हेनिया "दिसतेस तर छान" 😑 सासरी पण हेच. व्हॉट्सअॅप कर.

पाचोऱ्याची नात
लाइम नाही पण वांब आहेत म्हणून लिहिते. आमची आजी रोज सकाळी अनशापोटी अॅसिडिटीची गोळी, कित्येक वर्षं, चहासारखी ठरलेली. हातापायाला वांब, बोटं वाकडी व्हायची. कुणी म्हणे वात, कुणी म्हणे कॅल्शियम. शेवटी एका डॉक्टरने रक्तातलं मॅग्नेशियम तपासलं, खूप कमी. त्या प्रकारच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की असं होतं म्हणाले. गोळी बदलली, मॅग्नेशियम दिलं, आता आजी पुन्हा सगळ्यांना दटावते. आई म्हणते आधीच बरं होतं.

अमळनेर मेडिकल
@पाचोऱ्याची नात बरोबर. पण रक्तात नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नये, शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम १ टक्का रक्तात असतं. बाकी हाडांत, स्नायूंत.

भुसावळ जंक्शन
मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश, लोको शेडमधून आलो की पोटरी दगड होते. मी तर मीठ-साखर-पाणी पितो नि झोपतो. ते काय मॅग्नेशियम म्हणायचं का?

पारोळ्याचा पशुवैद्यक
नाही, ते सोडियम. पण तुमच्या कामाला तेच बरोबर आहे.

रावेरचा केळीवाला
केळीबद्दल कोणीच बोललं नाही.

अमळनेर मेडिकल
@रावेरचा केळीवाला एका केळात ३० मिग्रॅच्या आसपास. दिवसाची गरज ४०० च्या जवळपास. डझनभर खाणार का?

रावेरचा केळीवाला
खातो ना. भाव पाहता दुसरं करणार तरी काय.

साक्रीची सून
😂😂

फैजपूर स्वयंपाकघर
भोपळ्याच्या बिया खा, मूठभर बियांत दीडशे मिग्रॅ सहज. आपल्याकडे डांगराच्या बिया फेकून देतात. शिवाय कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीळ. मला गोळी कधी लागली नाही. अर्थात मला लाइम नाही, तापीकाठची ताई, तुमची गोष्ट वेगळी.

तापीकाठची
वेगळी कसली, कळण्याची भाकरी मलाही चालते 🙂 थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र मॅग्नेशियम चार तास लांब ठेवा, मला तेही आहे. सकाळी थायरॉइड, रात्री हे, असं बसवलंय.

भुसावळ जंक्शन
फैजपूरवाल्या काकू, बामणोदची वांगी आली का बाजारात? भरीत करायचं आहे.

फैजपूर स्वयंपाकघर
आली आली. पण भाव विचारू नको. काड्यांवर भाजशील तरच घे, गॅसवर भाजणार असशील तर कुठलीही घे.

रावेरचा केळीवाला
सोबत केळीची कोशिंबीर करा.

भुसावळ जंक्शन
भो, तू झोप आता.