घरी बाळंत होण्याचा बेत आहे, पण मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) एकच आहे. ती ऐनवेळी अडकली तर काय करावे?

नमस्कार. मला सातवा महिना लागला आहे आणि दुसरे बाळंतपण घरी व्हावे अशी इच्छा आहे. पहिले बाळंतपण सरळ झाले होते, सिझेरियन झालेले नाही. या खेपेला बाळ एकच आहे, वार जागेवर आहे, रक्तदाब आणि साखर आतापर्यंत व्यवस्थित आहे. बाळ शेवटपर्यंत पायाळू राहिले, ३७ आठवडे भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा रक्तदाब चढला, तर थेट रुग्णालयात जायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. त्यामुळे घर की रुग्णालय, हा वाद मला येथे घालायचा नाही. अडचण माणसांची आहे.

आमच्या आवाक्यात प्रशिक्षित मिडवाइफ एकच आहे आणि माझ्या तारखेच्या आगेमागे तिच्याकडे इतरही बायका आहेत. हे तिने आपणहून सांगितले, याचे मला कौतुकच वाटते. मागच्या भेटीत तिने आपली बॅग उघडून दाखवली. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते म्हणून ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणणारे इंजेक्शन) बर्फाच्या डब्यात होते आणि शेजारी नवजात बाळाला श्वास देण्याचा फुगा व दोन मापांचे मास्क. मग ती म्हणाली, “ताई, बाळाने श्वास घेतला नाही तर पहिल्या मिनिटातच मला हा मास्क धरावा लागेल. त्याच वेळी तुम्हाला रक्तस्राव सुरू झाला, तर इंजेक्शन कोण देणार?” तेव्हापासून दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीशिवाय घरी बाळंत व्हायचे नाही, हे माझ्यापुरते पक्के झाले आहे.

‘दुसरी मिडवाइफ शोधा’ हे सांगणे सोपे आहे. पण जगभरात सुमारे ९ लाख मिडवाइफ कमी आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे, आणि शोधायला निघाल्यावर त्याचा अर्थ नीट कळतो. इंग्लंडमधील २०११ च्या मोठ्या अभ्यासाचा दाखलाही मला अनेकांनी दिला. आधी बाळंतपण झालेल्या, धोका कमी असलेल्या स्त्रियांच्या बाळांना घरी जास्त धोका आढळला नाही, हे त्यात आहेच. परंतु त्यांच्यापैकीही १०० पैकी सुमारे १२ जणींना प्रसूतीच्या वेळी किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावे लागले (पहिलटकरणींमध्ये हे प्रमाण ४५ होते). शिवाय तेथे मिडवाइफ हजर होती आणि मागे रुग्णालय उभे होते. मिडवाइफच पोहोचली नाही, तर ते आकडे मला लागू होत नाहीत.

म्हणून ज्यांनी अशा टंचाईत घरचे बाळंतपण पार पाडले किंवा ऐनवेळी बेत बदलला, त्यांच्याकडून मला नेमके असे जाणून घ्यायचे आहे की पर्यायी व्यवस्था कोणाशी, कधी आणि किती स्पष्टपणे ठरवली. नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका दुसरी व्यक्ती म्हणून चालते का, की मिडवाइफच हवी असा आग्रह धरावा? कळा वाढल्यावर बाळाचे ठोके साधारण दर १५ मिनिटांनी आणि जोर करताना दर ५ मिनिटांनी ऐकायचे असतात, म्हणजे मिडवाइफ शेवटच्या घटकेला धावत येऊन भागत नाही. मग तिला कोणत्या टप्प्यावर बोलावले आणि ती किती वेळात न आल्यास निघायचे ठरवले होते? दुसऱ्या खेपेला सगळे झपाट्याने होऊ शकते, त्यामुळे हा हिशेब मला जास्त छळतो आहे.

रुग्णालयात आधी नाव नोंदवून ठेवणार आहे. तेथे घरच्या बेताविषयी मोकळेपणाने सांगितल्यावर वागणूक बदलली का, तपासण्यांचे कागद आणि रक्तगट आधीच देऊन ठेवता आला का, हेही कळवावे.

एक विनंती. मिडवाइफशिवाय, घरच्याच माणसांच्या भरवशावर बाळंत होण्याचे सल्ले आणि आजीच्या काळातले दाखले कृपया नकोत. त्या काळातल्या ज्या बायका जगल्या, त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या आहेत. ३६ व्या आठवड्यापर्यंत दुसरी व्यक्ती नक्की झाली नाही, तर मी रुग्णालयच निवडणार आहे. ही मुदत योग्य आहे, की त्याआधीच निर्णय घ्यावा?