ओरेगॉन ट्रेलवर तान्ही पोरं घेऊन लोक का निघाले असतील?

पोर्टलंडची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही पोर्टलंडला राहतो, लेक चौथीत आहे आणि तिला शाळेत ओरेगॉन ट्रेलवर (एकोणिसाव्या शतकात लोक बैलगाड्या घेऊन मिसुरीहून पश्चिमेला ओरेगॉनला ज्या वाटेने गेले ती) प्रोजेक्ट करायचाय, एका कुटुंबाची गोष्ट सांगायची आहे. मी नाशिककडची, मला पिक्चरमध्ये बघितलेलं तेवढंच माहिती, गाड्यांचा गोल आणि बाहेरून येणारे बाण. वाचायला घेतलं तर कळलं मिसुरीपासून इथवर 3200 किलोमीटर, पाच-सहा महिने, आणि त्यातही बहुतेक जण चालत! गाडी होती तर चालायचं का? आणि गरोदर बायका, बारकी पोरं घेऊन घर सोडायचं एवढं काय अडलं होतं? खऱ्या एखाद्या कुटुंबाबद्दल माहिती असेल तर सांगा.

बैलजोडी
ताई, चालायचं मी सांगतो, आमच्याकडे आजोबांपर्यंत बैलगाडी होती. तिकडच्या गाडीचा साटा साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद, त्यात हजार किलोच्या आसपास माल, पीठ, खारवलेलं मांस, बियाणं, अवजारं, वर्षभराचा संसारच म्हणा ना. त्यावर आणखी घरची सहा-आठ माणसं बसवली तर बैल किती दिवस टिकणार? बैल बसला की सगळं बसलं. आपला गाडीवान धुरेवर बसतो, तिकडचा बैलांच्या डाव्या अंगाला पायी चालत हाकायचा. निघायचं एप्रिल-मे मध्ये, माळावर गवत फुटलं की, कारण तीच बैलांची वैरण, आणि रेंगाळलं तर पुढे डोंगरात बर्फात अडकायची भीती. दिवसाला फार तर 25-30 किलोमीटर. प्लॅट नदीच्या पट्ट्यात सरपणाला झाडच नाही, मग बायका-पोरं चालता चालता बायसनच्या रानशेणी ओच्यात वेचायची आणि संध्याकाळी त्यावर भाकरतुकडा. आमची आजी अगदी अश्शाच वेचायची, त्यामुळे हे वाचून मला ती माणसं एकदम जवळची वाटली.

जुनी_पानं
लेकीला सेगर कुटुंबाची गोष्ट सांगा. हेन्री आणि नेओमी सेगर, सहा पोरं, सातवं पोटात, 1844 मध्ये मिसुरीहून निघाले. हेन्री एका गावी फार दिवस न टिकणारा माणूस, आधी ओहायो मग इंडियाना मग मिसुरी असं करत आलेला. ओरेगॉनची हवा चांगली हे ऐकून नेओमीही तयार झाली. मिसुरीच्या खोऱ्यात हिवताप पाठ सोडत नव्हता, आणि ओरेगॉनला माणशी 640 एकरांपर्यंत जमीन मिळेल असं सांगितलं जात होतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

त्या वर्षी पाऊस मुलखाचा, नद्या भरलेल्या. मे अखेरीस वाटेतच मुलगी झाली, हेन्रिएटा. पुढे फोर्ट लॅरमी या वाटेवरच्या ठाण्याच्या अलीकडे नऊ वर्षांची कॅथरिन चालत्या गाडीतून उडी मारायला गेली, रोजच मारायची, त्या दिवशी झग्याची कड कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकली आणि चाक पायावरून गेलं. वडिलांनी स्वतः हाड बसवलं आणि ती उरलेल्या वाटेत गाडीत पडून राहिली. मग वडील तापाने गेले, ग्रीन नदीकाठी पुरलं. महिना व्हायच्या आत आईही गेली. रस्त्याच्या कडेला खड्डा खणला, खाली-वर विलोच्या फांद्या घातल्या, माती लोटली, आणि गाड्या पुढे निघाल्या, थांबायला वेळच नव्हता. सात पोरं तांड्यातल्या लोकांनी सांभाळली, तान्ह्या बाळाला या बाईने त्या बाईने पाजत पाजत वाल्ला वाल्ला गावाजवळच्या व्हिटमन मिशनपर्यंत, म्हणजे व्हिटमन या मिशनरी नवरा-बायकोच्या ठाण्यापर्यंत पोचवलं. नार्सिसा व्हिटमनची एकुलती एक दोन वर्षांची मुलगी 1839 मध्ये नदीत बुडाली होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने सातही जणांना ठेवून घेतलं. हे सगळं आपल्याला माहीत आहे ते कॅथरिनने मोठेपणी लिहून ठेवलं म्हणून.

वाल्ला_वाल्ला_रोड
पुढचं पण सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते. ते मिशन कायूस या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर होतं. 1847 मध्ये गोवर आला, गोऱ्यांची बरीच पोरं बरी झाली आणि कायूसांपैकी जवळजवळ निम्मे गेले. डॉक्टर मार्कस व्हिटमन विष देतोय असं पसरलं, आणि रोगी मेले तर वैद्याचा जीव घ्यायची त्यांच्यात रीतच होती. 29 नोव्हेंबरला हल्ला झाला, व्हिटमन नवरा-बायको आणि सेगरांचे दोन्ही मुलगे, जॉन आणि फ्रान्सिस, मारले गेले. हल्लेखोरांनी बाकीच्यांना ओलीस धरलं, त्यात सेगरांची लुईझा गोवराने गेली. महिन्याभराने हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या पीटर ऑग्डेनने कांबळी, सदरे, बंदुका देऊन बाकीच्यांना सोडवलं. 1850 मध्ये पाच कायूसांना फाशी झाली, आणि 1855 च्या तहात कायूस, उमाटिला आणि वाल्ला वाल्ला या तीन जमातींची मिळून 64 लाख एकर जमीन अमेरिकन सरकारकडे गेली. ताई, मी तिथे दोनदा गेलोय, पोर्टलंडहून गाडीने चार तास. येताना पेंडल्टनजवळ त्या लोकांचं स्वतःचं म्युझियम आहे, तमास्तस्लिक्ट, तिथे थांबाच. आपली बाजू ते स्वतः मांडतात.

पोर्टलंडची_आई
काय बोलू, कॅथरिनचं लेकीला वाचून दाखवलं तर ती गप्पच झाली, ती पण नऊ वर्षांचीच आहे. मग म्हणाली, आई, त्या कायूस पोरांचं पण लिहू ना, गोवर झालेल्या. आम्ही शनिवारी निघतोय, आधी पेंडल्टन मग मिशन. म्युझियम शनिवारी उघडं असतं का कुणाला माहितीये?